पोर्तेलाच्या चक्कीची टोपी

चादरीचं एक टोक दातात आणि दुसरं हातात धरून फेलिस्मीना दोरीशी उभी होती, तेवढ्यात टेकडीवरून तिच्या चक्कीचा आवाज आला. दातातली चादर सुटली आणि ओल्या मातीत पडली. एरवी तिने स्वतःलाच चार शब्द सुनावले असते. आज तिला चादर दिसलीसुद्धा नाही.

हूं, हूं, हूं, आणि मग एक घोगरा खोकला. पुन्हा हूं, हूं, हूं, आणि खोकला. पोर्तेलाच्या पवनचक्कीच्या दोरांना मातीची बोळकी बांधलेली होती, लहानमोठी मिळून बत्तीस, प्रत्येकाला एक भोक. शिडं चालायला लागली की वारा त्या भोकांत शिरायचा आणि बोळकी बोलायची. त्यातलं खोकणारं बोळकं चिरलेलं होतं. फेलिस्मीनाच्याच हातून ते लग्नाच्या वर्षी पायरीवर आपटलं होतं, आणि तिच्या बापाने, झेफेरीनोने, 'असू दे, घरात एक घोगरा गळाही लागतो' म्हणून तसंच परत बांधलं होतं. म्हणजे हा आवाज दुसऱ्या कुठल्या चक्कीचा असणं शक्यच नव्हतं. तेवीस वर्षांनी तिची चक्की बोलत होती.

"ऐकतेयस ना गं?" कुंपणापलीकडून इदालीनाने हाक दिली. "उत्तरेचा वारा धरलाय तुझ्या म्हातारीनं. मी गोधड्या भिजवते बाई आता. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतील."

पोर्तेलात आभाळाकडे बघून कपडे वाळत घालायची पद्धत नव्हती. चक्की काय म्हणते ते ऐकायचं. आवाज खालच्या पट्टीत आणि संथ असला तर वारा उत्तरेचा, कोरडा, भरवशाचा. आवाज चढा आणि तुटक झाला की वारा दक्षिणेचा, मागोमाग पाऊस. चक्की बंद पडून इतकी वर्षं झाली तरी गावातल्या म्हाताऱ्यांच्या कानातून ती सवय गेली नव्हती.

फेलिस्मीनाने एप्रनला डोळे पुसले. आज अकरा वाजता चक्कीचं उद्घाटन होतं. नगराध्यक्ष येणार होते. आठ महिने चक्कीभोवती हिरवी जाळी लावून दुरुस्ती चालली होती आणि सुरक्षेच्या नावाखाली तिलाही आत सोडलं नव्हतं. आत काय करतायत देव जाणे म्हणून ती रोज जळत होती, आणि आता आवाज असा ठणठणीत, असा खालच्या पट्टीतला. उगाच शिव्या दिल्या बिचाऱ्या इंजिनिअरला, असं तिच्या मनात आलं. लोकांनी काम केलं होतं.

मग तिचं लक्ष दोरीवरच्या उशीच्या खोळीकडे गेलं. खोळ फुगली होती. टेकडी घराच्या उत्तरेला, आणि खोळ फुगली होती टेकडीच्या दिशेने. उत्तरेचा वारा असता तर ती घराकडे, खाली उडायला हवी होती. तिने बोट ओलं करून वर धरलं. बोटाची घराकडची बाजू गार लागली, आणि घर दक्षिणेला.

"इदालीना, गोधड्या भिजवू नकोस."

"का गं? चक्की तर उत्तर सांगतेय."

"चक्की खोटं बोलतेय," फेलिस्मीना म्हणाली. बाहत्तर वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारताना तिला आपल्या आईबद्दल काही भलतंसलतं बोलल्यासारखी लाज वाटली.

चिखलातली चादर तशीच टाकून ती टेकडी चढायला लागली.

वर मांडव पडला होता. खुर्च्या, लांब टेबलं, टेबलांवर माशाचे वडे, मक्याचा पाव, वाइनचे कॅन. चक्की नवी नवरी असावी तशी पांढरीफेक, कडांना निळा पट्टा, आणि चारही शिडं उघडून ताणलेली. शिडं फिरतही होती. पण ती नको इतकी एकसारखी फिरत होती. वारा कधी असा घड्याळासारखा चालतो का? तो थांबतो, ओढतो, ढकलतो. आणि चक्कीचं तोंड होतं उत्तरेला, समुद्राकडे, जिथे फोटो चांगला येतो तिकडे. वारा तिच्या पाठीवर येत होता.

आवाज खिडकीखालच्या एका काळ्या खोक्यातून येत होता.

"या, या मावशी," इंजिनिअर तेल्मो हात पुढे करत आला. नगरपालिकेचा माणूस, पस्तिशीचा, कोटाच्या खिशाला ओळखपत्र. "कसा वाटला आवाज? तुमच्याच चक्कीचा आहे. विद्यापीठाचे लोक पूर्वी येऊन टेप करून गेले होते ना? मी जुन्या कपाटातून शोधून काढला. सकाळपासून लावलाय, वातावरण तयार होतं."

"बंद करा तो."

"अहो, लोकांना आवडतोय."

"लोक गोधड्या भिजवतायत त्या आवाजावर. वारा दक्षिणेचा आहे, साहेब. शिडं गुंडाळा आधी आणि टोपी फिरवा."

तेल्मो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसा हसला, आणि तेच तिला झोंबलं. "टोपी आता फिरत नाही मावशी. ती बसवून टाकलीये. दोन टनांचं धूड ते. आत शाळेच्या सहली येणार, कुणाची बोटं चेंगरली तर? विमावाले दारात उभं करणार नाहीत. शिडांना मोटर आहे. बटण दाबलं की चालू."

फेलिस्मीनाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पवनचक्कीची भिंत दगडी, गोल, जागची हलत नाही. तिच्या डोक्यावर लाकडी टोपी, आणि त्या टोपीतूनच शिडांची आस बाहेर येते. वारा वळला की आतला रहाट फिरवून अख्खी टोपी वाऱ्याकडे तोंड करून वळवायची, की झालं. वारा मागून शिरला तर शिडं उलटी फुगतात आणि आसच उपटून काढतात. हे पोर्तेलात शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक होतं.

"तुम्ही मला शब्द दिला होता," ती म्हणाली. "मी चक्की गावाला दिली तेव्हा एकच अट घातली होती. चक्की फिरती ठेवायची."

"मग फिरतेय की. करारात तसंच आहे, 'पाती कायमस्वरूपी फिरती ठेवण्यात येतील'. बघा ना, फिरतायत."

चक्कीवाल्यांच्या बोलीत शिडं चालतात. फिरते ती टोपी. 'आज तीनदा फिरवली' म्हणजे आज वारा तीनदा बदलला. 'फिरती चक्की' म्हणजे जिवंत चक्की, वाऱ्याकडे तोंड करू शकणारी. सात वर्षांपूर्वी कचेरीत बसून तिने आपल्या बोलीतला शब्द सांगितला होता आणि समोरच्या कारकुनाने आपल्या बोलीत लिहून घेतला होता. वाचून दाखवला तेव्हा तिने मान हलवली होती. पाती म्हणजे काय, हे विचारायचीही तिला लाज वाटली होती. आज तिला कळलं की चक्कीवर टोपी बसवायच्या आधी या लोकांनी तिलाच टोपी घातली होती.

दाराशी एर्मीनियो उभा होता. गावातला गवंडी, तिच्याच वयाचा, रविवारचा कोट घालून. गेले चार महिने तो तिला बघून रस्ता बदलत होता. का, ते आता तिला कळायला लागलं.

"सरक," ती त्याला म्हणाली.

"वर जाऊ नकोस, फेलिस्मीना. गुडघे धरतील."

"माझ्या गुडघ्यांची काळजी तुला आजच बरी लागली."

आतला दगडी जिना तिच्या पायांना पाठ होता. अकराव्या वर्षी बापाने तिला या जिन्यावर चढवलं, तेव्हापासून अडतीस वर्षं ती इथे चढत-उतरत होती. नवरा कस्टोडिओ नावापुरता चक्कीवाला. पिठाने त्याला दमा लागायचा, म्हणून तो गाढवावर पोती घालून गावोगाव पोचती करायचा आणि वर फेलिस्मीना जात्यांशी, दोरांशी, वाऱ्याशी झगडायची. गिऱ्हाइकं मात्र 'कस्टोडिओचं पीठ' म्हणायची. दाराशी लावलेल्या नव्या संगमरवरी पाटीवरही तेच होतं, 'शेवटचे चक्कीवाले कस्टोडिओ यांच्या स्मृतीस'. त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. कस्टोडिओ चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसाच्या नावाने पाटी असली तर कुणाचं काय जातं.

वरच्या मजल्यावर पोचून ती उभी राहिली, आणि मग खाली बसली.

भिंतीच्या माथ्यावर लाकडाचं गोल कडं असतं, आणि टोपी त्याच्यावर सरकते. त्या कड्यावर, सबंध गोल, वीतभर रुंदीचं काँक्रीट ओतलं होतं. करड्या रंगाचं, नीट थापीने गुळगुळीत केलेलं. एखाद्याच्या मानेला लोखंडी पट्टा घालून वर पॉलिश करावं तसं. रहाट तिथेच होता, स्वच्छ पुसून वॉर्निश केलेला, आणि त्याच्यावर पाटी होती, 'हात लावू नये'. आसेच्या बुडाशी डब्याएवढी मोटर घरघरत होती. जात्यावर प्लास्टिकच्या कणसांची टोपली ठेवली होती.

एर्मीनियो धापा टाकत वर आला आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबला.

"हे तू ओतलंस," ती म्हणाली.

"मला सांगितलं, मी ओतलं."

"तुझ्या बापाची पोतीसुद्धा याच चक्कीवर दळली. या टोपीखाली उभा राहून तू पावसात भिजलेला पाव खाल्लायस. आणि तुला सांगितलं, तू ओतलंस."

"मी साहेबांना बोललो होतो, फेलिस्मीना. एकदा बोललो. ते म्हणाले, तुम्ही गवंडी, आम्ही इंजिनिअर. मग काय करू? दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं."

"मग दुसऱ्या कुणाला करू द्यायचं होतंस."

बाहेर लाउडस्पीकरचा उत्तर वारा संथपणे हुंकारत होता, आणि त्याच्या आडून फेलिस्मीनाला दुसरा आवाज ऐकू यायला लागला. दोरांवरची खरी बोळकी. आत्तापर्यंत ती मुकी होती, कारण मोटरच्या चालीवर बोळकी बोलत नाहीत. आता मात्र मागून येणाऱ्या वाऱ्याने त्यातलं एकेक मध्येच शीळ घालून गप्प बसत होतं, चढ्या, तुटक आवाजात. वारा वाढत होता.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं." एर्मीनियो खिडकीशी गेला. दक्षिणेच्या डोंगरांवर आभाळ शिशासारखं झालं होतं. "चार वाजेपर्यंत येईल."

"त्याआधी येईल. आणि शिडं उघडी आहेत."

"उद्घाटन झालं की काढतील."

"काढणार कोण? त्या तेल्मोला गाठ सोडता येते? बांधलीयेत ती दुकानातल्या नायलॉनच्या पट्टीने. मघाशी बघितली मी."

एर्मीनियोने जिन्यातून खाली कुणी येतंय का ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मग उडू दे ना. एकदा आस उपटून मांडवात पडली की सगळ्या गावासमोर कळेल, कोण खरं आणि कोण खोटं. पेपरात येईल. काँक्रीट फोडून काढावं लागेल त्यांना. तू काही करू नकोस. नुसती खुर्चीत बसून बघ."

खोटं कशाला सांगा, फेलिस्मीनाला क्षणभर ते फार गोड वाटलं. तिने डोळ्यांसमोर आणलंसुद्धा: शिडं उलटी फुगलेली, तेल्मोचं तोंड, नगराध्यक्षांचा भिजलेला कागद. आठ महिन्यांचा राग एका दुपारी वसूल झाला असता. मग तिने आसेवर हात ठेवला. ओकचा एकसंध बुंधा, तिच्या आजोबांनी बैलांवर घालून आणलेला. आता तसला ओक या मुलखात कुठे उरला होता?

"त्यांना अक्कल यावी म्हणून मी हिची मान मोडू देऊ?" ती म्हणाली. "चल खाली. बटण कुठाय ते तुला माहितीये. मी हात वर केला की मोटर थांबवायची. खाली केला की चालू. चार वेळा."

"फेलिस्मीना, भाषण चालू झालंय."

"त्यांचं चालू दे. आपलं आपण करू."

नगराध्यक्ष माइकसमोर उभे होते. आपला वारसा, आपली मुळं, आपल्या पूर्वजांचा घाम असं त्यांचं चाललं होतं, आणि वाऱ्याने हातातला कागद सारखा उलटत होता. फेलिस्मीना मांडवाच्या कडेने, वड्यांच्या टेबलाजवळून, सरळ शिडांखाली गेली. जाता जाता पाव कापायची सुरी तिने टेबलावरून उचलली. कुणी अडवलं नाही. काळ्या कपड्यातल्या म्हातारीच्या हातात सुरी दिसली तर ती पावासाठीच असणार, असं सगळ्यांना वाटलं.

तिने हात वर केला. आतून घरघर थांबली आणि एक शीड तिच्या समोर, खालच्या टोकाला येऊन उभं राहिलं. तिने नायलॉनची पट्टी कापली. शिडाचं टोक सुटून एकदम तिच्या तोंडावर फडाडलं. तिने ते काखेत दाबलं आणि ती ते शिडाच्या काठीभोवती गुंडाळायला लागली, तिरकं, घट्ट, बापाने शिकवलं तसं, प्रत्येक वेढ्याला गुडघ्याचा दाब देत. कापड कसलं तर ताडपत्रीचं, मेलं वळायला तयार नाही. कॉटनचं शीड हाताला समजून घेतं. ही सगळी शिडं ती एकेकाळी स्वतः शिवायची, हिवाळ्यात, चुलीजवळ बसून.

"बाई," नगराध्यक्षांनी माइकवरूनच विचारलं, "हे काय चाललंय?"

"शिडं बांधतेय. तुम्ही बोला."

मागच्या रांगेत म्हातारे हसले. तेल्मो धावत आला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाला, "मावशी, टीव्हीवाले आलेत. पंधरा मिनिटं. फक्त पंधरा मिनिटं थांबा, मग हवं ते करा."

"वाऱ्याला सांगा पंधरा मिनिटं थांबायला. तो थांबला तर मीही थांबते."

"हवामानखात्याचा इशारा संध्याकाळी सहानंतरचा आहे."

"तुमच्या खोक्याचा इशारा तर सकाळपासून उत्तरेचाच आहे." तिने गाठ मारली आणि हात खाली केला. मोटर सुरू झाली. शीड वर गेलं, दुसरं खाली आलं. तिने हात वर केला.

तेल्मोने आजूबाजूला पाहिलं. कॅमेरा त्याच्याकडे वळला होता. त्याने माइक हातात घेतला आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, "मित्रहो, या आपल्या शेवटच्या चक्कीवाल्यांच्या पत्नी. आज त्या फार भावनाविवश झाल्या आहेत. पतीच्या आठवणीने त्यांना राहवलं नाही. आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू या."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहरातून आलेल्या एका बाईने तर डोळ्यांना रुमाल लावला. अडतीस वर्षांची विद्या, आणि हे लोक फेलिस्मीनाला रडणारी विधवा समजून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या शिडाची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. तिसरं शीड. चौथं शीड. चौथ्याच्या वेळी वाऱ्याने तिला काठीसकट पाऊलभर उचललं, तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून आला आणि तिची कंबर धरून उभा राहिला.

चारही काठ्या उघड्या झाल्या. फोटो बिघडला. नगराध्यक्षांनी फीत कापली, चक्कीकडे न बघता वडा खाल्ला आणि ते निघून गेले.

वारा अडीचला आला. मांडव पहिल्याच फटक्यात गेला, खुर्च्या उतारावरून गडगडत इदालीनाच्या परसात जाऊन पडल्या, तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर ओढ्यापलीकडे सापडलं. बरं झालं गोधड्या भिजवल्या नाहीत, असं ती दिवसभर म्हणत होती. फेलिस्मीना खिडकीशी बसून वर बघत होती. चक्की उघड्या काठ्या घेऊन उभी होती. जन्मात पहिल्यांदा ती वाऱ्याकडे पाठ करून उभी होती, आणि फेलिस्मीनाला ते बघवत नव्हतं, पण नजरही काढता येत नव्हती. पावसाच्या पहिल्या सरीत तिने मोजल्या, दोन काठ्या वाकल्या होत्या. आस जागेवर होती.

मंगळवारी इदालीना पेपर घेऊन आली. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"पुढे वाच," फेलिस्मीना म्हणाली.

"नको गं."

"वाच म्हणते ना."

इदालीनाने घसा साफ केला. "'रविवारच्या वादळात तालुक्यात मोठं नुकसान झालं असलं तरी पोर्तेलाची पवनचक्की सुरक्षित राहिली. टोपी पक्की करण्यासाठी वापरलेल्या आधुनिक काँक्रीटच्या कड्यामुळेच हे शक्य झालं, असं अभियंता तेल्मो यांनी सांगितलं. हा प्रयोग यशस्वी ठरल्याने परिसरातल्या आणखी तीन चक्क्यांच्या टोप्याही याच पद्धतीने...'"

तिने पेपर खाली ठेवला. फेलिस्मीनाने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले, मग पुन्हा पसरले, पुन्हा गोळा केले. आपण शिडं बांधली म्हणून चक्की वाचली, आणि चक्की वाचली म्हणून काँक्रीट खरं ठरलं. तिने स्वतःच्या हाताने त्यांना दाखला लिहून दिला होता. एर्मीनियो म्हणत होता तसं खुर्चीत बसून राहिली असती तर बाकीच्या तीन चक्क्या तरी सुटल्या असत्या. आणि तरीही, पुन्हा रविवार आला असता तरी तिने शिडंच बांधली असती, हेही तिला माहीत होतं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते ठरेना.

"तू पेपरवाल्यांना फोन कर," इदालीना म्हणाली. "सांग त्यांना."

"काय सांगू? ते म्हणतील, मावशी भावनाविवश झाल्या."

बुधवारी सकाळी ती एर्मीनियोच्या दारात गेली. तो न्याहारीला बसला होता. रंगाचे शेवटचे हात बाकी होते म्हणून चक्कीची किल्ली त्याच्याकडेच होती. तिने नुसता हात पुढे केला.

"ती नगरपालिकेची मालमत्ता आहे आता," तो म्हणाला. "तुला पकडून नेतील."

"नेऊ देत."

त्याने खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि पुन्हा पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. तुकडा विरघळून कपात पडला तरी तो तसाच धरून बसला होता.

जात्याची गुळगुळीत झालेली पाळी टाके घालून खडबडीत करायची छिन्नी-हातोडी तिने घरून आणली होती. वर चढायला तिला चार ठिकाणी बसावं लागलं. मग तिने गुडघ्यांखाली रिकामं पोतं घेतलं, काँक्रीटला छिन्नी लावली आणि ठोकायला लागली. टाके घालणं वेगळं, तो दगड ओळखीचा असतो. हे काँक्रीट मेलं माजलेलं होतं. दुपारपर्यंत बोटभर खड्डा पडला. तिने वळून सबंध गोल बघितला आणि मनात हिशेब केला. असं रोज केलं तर दुसऱ्या वर्षीच्या कापणीपर्यंत. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा छिन्नी लावली.

तीन वाजता जिन्यावर पावलं वाजली. पोलीसच असणार म्हणून तिने मान वर केली नाही. एर्मीनियो होता, कामाच्या कपड्यांत, हातात मोठा घण आणि पहार. त्याने घण फळ्यांवर टेकवला.

"तिथे ठोकू नकोस," तो म्हणाला. "तिथे भरीव आहे. साहेब उभे होते तेव्हा."

"मग कुठे?"

तो उत्तरेच्या खिडकीपाशी गेला, सावकाश वाकला आणि काँक्रीटवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला. "इथून ते रहाटापर्यंत. ते जेवायला गेले होते. मी खाली सिमेंटच्या पिशव्यांचे कागद अंथरले. तेल लावून, दुहेरी. लाकडाला धरू नये म्हणून."

फेलिस्मीनाने छिन्नी खाली ठेवली. "चार महिने तोंड लपवून फिरलास, आणि हे सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करायचं? ओतलं तर मीच होतं ना."

त्याने पहार फटीत घातली. ती उठून त्याच्या शेजारी आली आणि पहारीवर आपलंही वजन टाकलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा कागद फाटल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा हातभर लांबीचा तुकडा अखंड सुटला आणि धप्पकन फळ्यांवर पडला. धूळ बसेपर्यंत दोघं खोकत राहिली.

खाली लाकडी कडं तसंच होतं, काळं, गुळगुळीत. टोपी सरकावी म्हणून, चक्की बंद पडल्यावरही, हिरवी जाळी लागेपर्यंत ती दर शनिवारी त्याला डुकराची चरबी चोळायची. फेलिस्मीनाने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि एर्मीनियोला दाखवलं. बोटाला चरबी लागली होती.